साइडकारमधलं वजन

चौल, १४ ऑक्टोबर १९६३

लिया,

'प्रिय' लिहायचं होतं, पण एरोग्रामवर जागा थोडी आणि मला सांगायचंय पुष्कळ.

तुझ्या नवऱ्याचं पत्र पोचलं. तुझं नाही. तुझी पत्रं आईच्या नावाने येतात, मीच तिला वाचून दाखवते, आणि शेवटच्या ओळीत 'रिबूला सलाम' असतो. तो सलाम मी मोठ्याने वाचते, म्हणजे निदान कुणीतरी तो ऐकतं.

बनू लिहितो की गोठ्यातली मोटरसायकल विकून टाकावी, उगाच गंजत पडली असेल. त्याला सांग, गंजत नाही. मी ती शिकते आहे.

हो, मी. एकोणसाठाव्या वर्षी. हसून झालं की पुढे वाच.

डॉ. कोकिळा पोतनीस तुला आठवणार नाही. मुंबईच्या इस्पितळात ती शिकाऊ होती तेव्हा मी तिथे मेट्रन होते, आणि उलटं बाळ कसं सोडवायचं ते तिला मी शिकवलं. तिने पोयनाडला प्रसूतिगृह काढलंय. तिला अनुभवी बाई हवी, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी येऊन संध्याकाळी जाणारी. फेब्रुवारीपर्यंत ती माझ्यासाठी थांबेल, नंतर नाही; तिला पनवेलची एक तरुण नर्स मिळते आहे. आता चौलहून पोयनाडला एस्टीने जायचं म्हणजे अलिबागला गाडी बदलायची, आणि परतीची गाडी चुकली की रात्र अलिबागच्या स्टँडवर. आणि मी तिन्हीसांजेला घरात नसले तर आई काय करते ते तुला ठाऊक नाही. तू ते कधी पाहिलेलंच नाहीस.

मी आईच्या काठीच्या आवाजाच्या टप्प्यात राहते. ती जमिनीवर काठी आपटते, मी जाते. विहिरीवर असले तरी ऐकू येतं, मागच्या वाडीत सुपारीच्या झाडांपर्यंत ऐकू येतं, त्यापुढे येत नाही. म्हणून मी त्यापुढे जात नाही. सहा वर्षांपूर्वी ती खुब्यातून मोडली तेव्हा मुदतीआधी नोकरी सोडून मी इथे आले. तू लिहिलं होतंस, 'दोन वर्षं सांभाळ, मग मी आईला बोलावून घेते.' ते पत्र मी ठेवलेलं नाही, पाठच आहे.

ज्यू एजन्सीचा माणूस मुंबईहून तिचे इस्राएलला जायचे कागद घेऊन दोनदा आला. आईने दोन्ही वेळा भिंतीकडे तोंड फिरवलं. तुला हे कळल्यावर तू लिहिलंस, 'तीच यायला तयार नाही तर मी काय करू?' काय सोयीचं वाक्य आहे! शाळेत आपल्याला मदर आगाथा म्हणायची, सबब जितकी गुळगुळीत तितकी जास्त वेळा वापरलेली. हे तुझ्या वर्गालाही म्हणायची की नाही, कोण जाणे.

म्हणून मोटरसायकल. बनूची आहे हे खरं. पण तो तिकडे आहे, ती इथे आहे, आणि पेट्रोल मी घालते.

रिबेका


चौल, १० नोव्हेंबर १९६३

लिया,

बनूने 'जपून' एवढा एकच शब्द लिहून पाठवलाय. ही कळकळ गाडीची आहे हे मला समजतं.

दुपारी आई पडते तेवढ्या तासात मला शिकवतो काळूराम, मिठागरवाल्या धर्माचा मुलगा. लढाईत लष्कराच्या गाड्या चालवून आला आणि तेव्हापासून त्याचा आवाज खाली उतरलेला नाही. सगळ्या जगातलं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं. त्यातलं निम्मं चूक असतं. प्लग रॉकेलने धुवायला सांगून त्याने दोन दिवस गाडी बंद पाडली.

पण वळणं त्याला कळतात. तुला वाटत असेल, मोटरसायकल म्हणजे तोल सांभाळणं. साइडकार जोडलेली असली की तोलाचा प्रश्नच नसतो. प्रश्न वळायचा असतो. डाव्या अंगाला तो डबा, त्याला एक चाक. साध्या फटफटीसारखं वाकून काही होत नाही. पहिल्या दिवशी मी वाकले, तर काळूराम मागून ओरडला, "शिस्टरबाय, ती गाय हाय का वाकून दूध काढाया? हँडल फिरव, हँडल!"

उजवं वळण सोपं. गॅस सोडला की डबा आपल्या वजनाने पुढे जातो आणि गाडीला उजवीकडे ढकलतो. डावं वळण कठीण. वेग जरा जास्त झाला की डबा उचलतो, त्याचं चाक हवेत, आणि गाडी वळायचं सोडून सरळ उजवीकडच्या दगडी गडग्याकडे जाते. म्हणून वळणाआधीच हळू व्हायचं, आणि मग वळणात शिरल्यावर थोडा गॅस द्यायचा, म्हणजे गाडी डब्याभोवती फिरते. हे वाचायला दहा सेकंद लागतात. हाताला कळायला महिना लागला.

आणि डब्यात वजन हवंच. रिकामा डबा डाव्या वळणावर कधीच जमिनीवर राहत नाही. काळूरामने त्यात मिठाची गोण टाकली. "शिस्टर मीठ घेऊन फिरते," असं नागावात सगळीकडे झालं.

नागावचा रस्ता तुला आठवतो? दोन्हीकडे वाड्यांचे गडगे, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी जागा, आणि प्रत्येक वाडीच्या कोपऱ्याला काटकोन. समोरून काय येतंय ते येईपर्यंत दिसत नाही. काळूराम सगळ्या वळणांना माणसांची नावं देतो. एकाला त्याने त्याच्या सासूचं नाव दिलंय.

तुळशीरामच्या वाडीच्या कोपऱ्यावर डावं वळण आहे. तिथे मंगळवारी मी जरा जास्त वेगात आले. तुळशीरामने अंगणात सुपारी वाळत घातली होती. आता ती घातलेली नाही. तो बाहेर येऊन म्हणाला, "शिस्टरबाय, सुपारी फोडायची व्हती तर अडकित्ता हाय ना आमच्याकडं." सगळी वाडी हसली. त्याची बायकोसुद्धा, जिला तिन्ही बाळंतपणांच्या वेळी मी आपल्या ओटीवर तपासलं होतं. कृतघ्नपणाला गावात तोटा नाही.

मला काही लागलं नाही. अक्षर वाईट आहे कारण टेबल हलतं.

आई बोलत नाही. पहिल्या दिवशी आवाज ऐकून एवढंच म्हणाली, "रिबू, त्या फटफटीवर मेलीस तर माझ्या मयताला हात लावू नको." यातला क्रम कसा जुळतो ते मी विचारलं नाही.

रिबेका


चौल, ८ डिसेंबर १९६३

लिया,

मी लायसन घेतलं.

परीक्षा घ्यायला अलिबागला साहेब येतो तो महिन्यातून एकदाच, आणि शनिवारी. आता शनिवारी आपल्या घरात चूलसुद्धा पेटत नाही. अख्खं गाव आपल्याला अजून 'शनवारतेली' म्हणतं, का तर पणजोबांनी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला; आणि त्याच घरातली मुलगी शब्बाथच्या दिवशी पेट्रोल जाळत नागावातून गेली. आईला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्या गाडीचा आवाज रेवदंड्याच्या किल्ल्यापर्यंत जातो.

साहेब तरुण होता, मिशी नवीन होती. मला पाहून म्हणाला, "मावशी, या वयात घरी बसून नातवंडं सांभाळायची." मी त्याला म्हटलं, "तुझ्यासारखी हजारभर माझ्या हातावर आली. बाहेर येताना एकाचंही डोकं एवढं मोठं नव्हतं." त्याचा शिपाई खोकत बाहेर गेला. मग साहेबाने मला मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढायला लावला, मिठाच्या गोणीशिवाय. मुद्दाम. आठच्या आकड्यात अर्धी वळणं डावी असतात. मी इतकी हळू काढली की त्याला जांभई आली, पण चाक उचललं नाही. त्याने सही केली.

तिथून मी घरी आले नाही. कार्लेखिंड चढून पोयनाडला गेले. तुला काय सांगू! खिंडीत रस्ता एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे वळतो, आणि समोरून पेणचे ट्रक कुणाच्या बापाचं भय नसल्यासारखे उतरतात. मी प्रत्येक वळणाआधी मोठ्याने म्हणत होते, "हळू, शीर, गॅस. हळू, शीर, गॅस." वर पोचल्यावर कळलं की घसा बसलाय. कोकिळाने चहा दिला, वॉर्ड दाखवला. सहा खाटा, स्वच्छ. एका खाटेवर बसून मी जरा रडले. तू हे कुणाला सांगू नकोस.

परत आले तेव्हा ऊन कललं होतं. शेजारची सगुणा दारात उभी होती. मी तिला दिवसभर आईजवळ बसायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाय, मी न्हाय बसणार पुन्ना. म्हातारी जेवली न्हाय, पाणी प्याली न्हाय, मला हात लावू देत न्हाय. काठी फेकलीन माज्या अंगावर. ही बघ." तिच्या दंडावर वळ होता.

आई अंथरुणात तशीच होती, ओली. मी तिला पुसलं, कपडे बदलले.

म्हणजे आता माझ्याकडे गाडी आहे, लायसन आहे, खिंड जमते, काम आहे. आणि मी जिथे होते तिथेच आहे. मी नेहमी घराबाहेरचीच दारं उघडत गेले. कुलूप आत आहे.

तू तिला लिही. 'मला तू हवीस' असं लिही. खोटं असलं तरी चालेल, मी वाचताना खरं करीन.

मागच्या पत्रात टेबल हलत होतं असं लिहिलं होतं. मनगट मुरगळलं होतं. आता बरं आहे.

रिबेका


चौल, १२ जानेवारी १९६४

लिया,

हे पत्र बसून वाच. बनूलाही वाचू दे.

गेला महिनाभर आई माझ्याशी फक्त काठीने बोलत होती. काल शब्बाथ संपला, मी दिवा लावला, तर ती म्हणाली, "त्या डब्यात माणूस बसतं काय?"

मी म्हटलं, बसतं. त्यासाठीच केलाय तो.

"मासळीवाल्या बसतात काय त्यात?"

मी म्हटलं, माझ्या गाडीत कोण बसणार मासळीवाल्या?

"मग मला खंडाळ्याला ने. टाप्यावर."

टापा तुला आठवतोच, अलिबागपुढच्या खंडाळ्याचा. लहानपणी आपण सगळे बैलगाड्या करून जायचो, आपल्या शेबाट महिन्याच्या पंधरावीला. एलियाहू हन्नबीचा, त्या प्रेषिताचा, रथ स्वर्गात गेला तेव्हा खडकावर उठलेल्या घोड्यांच्या टापा आणि चाकांच्या खुणा. तू तिथे नाचायचीस. मी ननांच्या शाळेत भूगोल शिकून आले होते, म्हणून त्या पावसापाण्याने पडलेल्या खुणा आहेत असं सगळ्यांना सांगत फिरायचे.

आता ऐक. तू गेलीस त्या दिवशी आईने नवस बोलला होता: लिया सुखरूप पोचू दे, तिची कूस उजवू दे, टाप्यावर मलिदा घेऊन येईन. नओमी झाली. तुझी तार आली. आईने कुणालाच काही न सांगता पोहे भिजवले, नारळ खवला, वेलची घातली, पाच फळं मांडली, ताट फडक्याने बांधलं आणि अंबाजीची बैलगाडी केली. मी मुंबईला होते. सगळ्यांना सांगितलं, अलिबागला चुलत बहिणीकडे जाते. नागावात तुळशीरामच्या कोपऱ्यावर समोरून दुसरी गाडी आली, बैल बुजले, आणि ताट सांभाळताना आई खाली पडली. तीच ती खुब्याची मोड. आपल्याला सांगितलं, 'गाडीतून उतरताना घसरले.' मलिदा रस्त्यात पडला. कावळ्यांनी खाल्ला. तिने तो पाहिला, पडल्यापडल्या.

तेव्हापासून तिच्या मनात एकच. नवस बाकी आहे, ताट वाटेतच उपडं झालं, म्हणजे हन्नबीने ते घेतलं नाही. नवस न फेडता इथून हलले तर जिच्यासाठी बोलले तिच्या मुलीलाच ते भोवेल. म्हणून भिंतीकडे तोंड. एजन्सीच्या माणसाला काय सांगायचं, "माझं ताट राहिलंय"?

"मग एस्टीने का नाही गेलीस?" मी विचारलं. तर माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू परक्या धर्माची. "एस्टीत कोळणी टोपल्या घेऊन चढतात. कोळंबी, खेकडे, शिंपल्या, सगळं आपल्या धर्मात वर्ज्य. नवसाचं ताट त्या टोपल्यांना चिकटून न्यायचं?" बैलगाडीत ती आता पाय ठेवणार नाही. पायी चालवत नाही. म्हणजे गाव आणि टापा यांच्यामध्ये सहा वर्षं कोळंबीची टोपली होती!

मी ओरडले. खरंच ओरडले, सगुणा धावत आली. "मला सांगायचंस! मी दुसऱ्या दिवशी टॅक्सी आणली असती अलिबागहून!"

"तू हसली असतीस," आई म्हणाली.

हसले असते. पण नेलं असतं.

या वर्षी शेबाटची पंधरावी २९ तारखेला, बुधवारी आहे. नेते. काळूरामला सांगितलं तर त्याने आईकडे पाहिलं, हाताने उचलून बघावं तसं पाहिलं, आणि म्हणाला, "शिस्टरबाय, म्हातारी अर्ध्या गोणीची बी न्हाय. डबा उडेल." पायाशी दगड ठेवू म्हटलं, तर आई म्हणते, नवसाच्या ताटाशेजारी रस्त्यातले दगड नकोत. मीठ चालेल. मीठ चालतं, कारण भाकरीवरच्या बरखेला, त्या आशीर्वादाला, मीठ लागतं. शास्त्र सगळं तिच्या सोयीचं. पण पायाशी ताट आणि पाय आणि मीठ, तिन्ही मावत नाही. तेव्हा छोटी पिशवी मिठाची, आणि उरलेलं वजन आई.

काळूराम तिला अंगणात रोज शिकवतो. उभ्या गाडीत ती डब्यात बसते आणि तो ओरडतो, "डावी आली, म्हातारे! भायेर वाक!" ती वाकत नाही. म्हणते, "मी काय माकड आहे?"

रिबेका


चौल, ३० जानेवारी १९६४

लिया,

नेलं. आणलं. दोघी जिवंत आहोत, म्हणून क्रमाने लिहिते.

पहाटे तिने स्वतः पोहे भिजवले, खाटेवर बसून. मला हात लावू दिला नाही. डब्यात उशा घातल्या, तिला काळूराम आणि मी उचलून ठेवली, ताट तिच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं. पदर कानांवरून घट्ट. ती समोर पाहत होती.

नागावात मी बैलाच्या वेगाने गेले. तुळशीरामच्या कोपऱ्याआधी ती डोळे मिटून पुटपुटायला लागली. मी म्हणत होते "हळू, शीर, गॅस", ती म्हणत होती "शेमा इस्राएल". कोपरा गेला. तुळशीराम गडग्यावर उभा होता, अंगणातली सुपारी आधीच उचलून ठेवलेली.

अलिबागपर्यंत काही नाही. पुढे खंडाळ्याला मोठा रस्ता सोडून टाप्याकडची वाट लागते. कच्ची, चढाची, आणि माथ्याजवळ डावं वळण, उजवीकडे ओढ्याचा कडा. चढ म्हणून वेग हवाच, वेग कमी केला तर गाडी मागे येते. मी गॅस देत वर आले, वळणात शिरले, आणि समोर म्हशी. पाच-सहा, रस्ताभर. मी हँडल आणखी डावीकडे ओढलं.

चाक उचललं. मला ते पाठीत कळतं आता. हँडल हलकं होतं, गाडी वळायची थांबते. कडा उजवीकडून सरळ माझ्याकडे येत होता.

मी ओरडले, "आई, बाहेर वाक!"

दोन्ही हात ताटावर. काठ धरायला हात मोकळा नाही. मला वाटलं, ही ताट सोडणार नाही, आणि ताट सोडणार नाही म्हणजे आम्ही दोघी ओढ्यात. मग तिने ताट छातीशी दाबलं आणि सबंध वरचं अंग डब्याबाहेर टाकलं, डावीकडे, रस्त्यावर, असं की तिचा पदर मातीला लागला. ते मोडकं हाड, लिया! ज्या कुशीवर मी तिला झोपूही देत नाही त्या कुशीवर.

चाक खाली आलं. गाडी वळली. म्हशी इकडेतिकडे झाल्या. मी गाडी थांबवली.

आई सरळ झाली. फडकं वर करून ताट पाहिलं. एक केळं सरकलं होतं, तेवढंच. मग म्हणाली, "म्हशी बघून पण गॅस देतेस? अक्कल गहाण ठेवलीस काय?"

टाप्यावर रेवदंड्याचे, अलिबागचे, मुंबईहून आलेले पुष्कळ लोक होते. दोन तरुणांनी तिला खुर्चीत बसवून, उचलून खडकापर्यंत नेलं. प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानने बरखा म्हटली. आईने पहिलं नाव नओमीचं घेतलं, मग तुझं, मग बनूचं. माझं घेतलं नाही. मी अशा जागी उभी होते की तिला दिसत होते, म्हणून विसरली असं म्हणता येत नाही. मलिदा तिने आपल्या हाताने वाटला, मूठभर मूठभर, शेवटचा दाणासुद्धा.

परत निघायच्या आधी ती झाडाखाली बसली होती. मी शेजारी. ती म्हणाली, "आता मला लियाकडे धाड."

मी म्हटलं, "आत्ता? सहा वर्षं मी तुला विचारते आहे."

"नवस बाकी होता. आणि..." तिने काठीने माती उकरली. "तुला टाकून कशी जाऊ, असं पण होतं. नोकरी सोडून आलीस, माझ्या उशाशी बसलीस. बाहेर पाऊल टाकीनास. मला वाटलं, हिला आता कुठं जायचंच नाय, मी गेले तर ही त्या घरात एकटी काय करील? त्या शब्बाथला तू पोयनाडला गेलीस तवा मला कळलं. हिला पण जायचंय."

"मग सगुणावर काठी का फेकलीस?"

"राग आला. सहा वर्षं फुकट बसले म्हणून."

लिया, मी तिची राखण करत होते आणि ती माझी. एकमेकींना धरून दोघी एका खोलीत.

मी तिला उचलून डब्यात ठेवलं.

तू आता उलट टपाली लिही. या वेळी मला.

रिबेका


चौल, १७ मे १९६४

लिया,

तुझं पत्र आलं, मग दुसरं, मग बनूची तार. सगळ्यांत एकच: दोन खोल्यांचं घर, तुझी कारखान्यातली पाळी, नओमीची शाळा, आणि 'आईबरोबर तूही ये रिबू, तू असलीस तर सगळं निभेल.' तूही ये म्हणजे काय ते मला नीट समजतं. बीरशेबात एक खाट, तिच्या शेजारी एक स्टूल, आणि स्टुलावर मी.

नाही.

मी पुन्हा लिहिते, म्हणजे तुला खाडाखोड वाटायला नको. नाही. मी येत नाही. कोकिळाने फेब्रुवारीची मुदत माझ्यासाठी जूनपर्यंत ओढली. पहिल्या तारखेपासून मी पोयनाडला जाते आहे, राहायलाच. प्रसूतिगृहाच्या मागे एक खोली आहे.

आईचा पासपोर्ट झाला. त्यासाठी फोटो काढताना तिने फोटोवाल्याला तीनदा उभं-बस करायला लावलं. २८ तारखेला रेवदंड्याच्या मोझेसचं सगळं कुटुंब विमानाने निघतंय, ती त्यांच्याबरोबर येते. मोझेसची बायको दणकट आहे आणि आईला घाबरत नाही. विमानतळावर तू स्वतः जा, बनूला एकट्याला पाठवू नकोस.

आता नीट वाच, हे मी सोबत कुणाला देत नाही, तुलाच लिहिते.

तिला उठवताना उजव्या बगलेत हात घाल, डाव्या नाही. दुखतं का विचारलं तर नाही म्हणेल. ओठाकडे बघ, खालचा ओठ आत गेला की दुखतं. भात मऊ लागतो, पण मऊ केला असं सांगायचं नाही. संडासाला जायचं असेल तर हाक मारत नाही, पांघरूण नीट करते. सकाळी पहिला तास तिच्याशी बोलू नये. बनूने तर बोलूच नये. नओमीला तिच्या खाटेवर चढू दे, ती रागावेल, पण उतरवू नकोस.

ती तुला तुझी चूक दाखवत राहील. मला वाटायचं ती फक्त मलाच दाखवते. तसं नसतं, जी जवळ असेल तिला दाखवते.

मला तुझ्यावर अजून राग आहे. तो विमानाने जाणार नाही. सहा वर्षांपैकी निदान चार तुझ्या वाट्याची होती, आणि कोळंबीची टोपली मधे होती हे कळल्यावरही तुझं ते 'तीच तयार नाही' मला माफ करता येत नाही. तू विचारायला हवं होतंस. मीसुद्धा, पण मी निदान खोलीत होते.

२६ तारखेला तिला मुंबईला पोचवते. काळूराम ट्रकने नेतो म्हणाला. ती म्हणते, फटफटीनेच मांडव्याच्या लाँचपर्यंत. डबा, उशा, आणि ती. आता वळणाआधी मला सांगावं लागत नाही, तीच आधी वाकते, आणि मी चुकीच्या वेगात असले तर काठीने पेट्रोलच्या टाकीवर मारते.

शेवटचं एक, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. तिकडे पहिल्या काही रात्री तिला जाग येईल, खोली ओळखू येणार नाही. ती 'रिबू' म्हणून हाक मारील. तू जा. 'रिबू नाही, मी लिया' असं सांगत बसू नकोस.

ओ दे.

रिबेका